दहाची फुलं

आमच्या शेजारचे टेलर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, माणूस सरळ. पण शहाणा अजिबात नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, दारापुढच्या हातभर पट्ट्यात चिनी गुलाब लावला होता. वीतभरही न वाढता जमिनीला धरून पसरणारा. पानं जाड, टोकदार. ऊन चढून दहा वाजले की फुलं उघडायची आणि दुपारी तीनला मिटून जायची. मास्तर नऊला दुकानात जायचे, परत यायचे दिवेलागणीला. पट्ट्याकडे बघून रोज चिडवायचे, "कुठंयत तुझी फुलं? नुसती पालेभाजी लावलीयस."

वहिनी म्हणायच्या, "एक दिवस दहाला घरी थांबा, मग बोला."

एकतीस वर्षं हे चाललं. मास्तर एकदाही थांबले नाहीत. सुट्टीच्या दिवशी तर गिऱ्हाईक जास्तच.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर वहिनी गेल्या. आजारपणात त्यांना ऊन सोसत नव्हतं, म्हणून मास्तरांनी खिडकीला जाड पडदा शिवला होता. त्या गेल्यावर त्यांनी तोच पडदा उसवला आणि झाडांवर चार काठ्यांचं छत घातलं. कडेला दुमड, कोपऱ्यांना नाड्या, काम एकदम चोख. वर सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी!

महिन्याभरात झाडं कुजायला लागली. फूल एकही नाही. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मास्तर त्या झाडांशीच बोलत बसायचे. भिंतीपलीकडून ऐकताना माझा जीव तुटायचा.

एका सकाळी ते माझ्या दारात आले. "ताई, एवढासाच तुकडा हिरवा राहिलाय. हाही गेला तर तिच्या हातचं काहीच उरणार नाही माझ्याकडे."

मी गेले, बघितलं आणि भडकले. "आधी ते छत काढा."

"नको हो, ऊन लागेल."

"लागू दे की! वहिनींना सोसत नव्हतं, मास्तर. याला उन्हाशिवाय फुलताच येत नाही."

मास्तर छतापाशी वाकले. मग स्वतःच एकेक नाडी सोडली. मी हिरव्या तुकड्याच्या बोटभर चार काड्या तोडल्या, मातीत वाळू मिसळून खोचल्या आणि दम भरला, माती सुकल्याशिवाय थेंबभरही पाणी नाही. मग मास्तर रोज मातीत बोट खुपसून मला विचारायला यायचे, "आज घालू?"

तीन काड्या गेल्या. चौथीला कळी धरली.

त्या दिवशी मास्तर दुकानात गेले नाहीत, पायरीवर बसून राहिले. दहा वाजून गेल्यावर फूल उघडलं, गर्द गुलाबी.

"एवढा रंग होता, ताई?" ते म्हणाले आणि रडायला लागले. मलाही रडू आवरेना.

आता दुकानावर पाटी आहे, दहा ते बारा बंद. परवा माझ्यासमोरच एक गिऱ्हाईक वैतागलं, "मास्तर, ऐन कामाच्या वेळी जाता कुठं?"

मास्तर कुलूप लावता लावता म्हणाले, "घरी बोलावलंय."