टाकीतली सवत

पडदेकाकांनी उभी हयात नाटक कंपनीचा पडदा ओढण्यात घालवली. काम सुटलं आणि घरी कासव आलं. त्याचं नाव राजे. सकाळी काका टाकीच्या काचेवर तीनदा टकटक करत, अगदी तिसऱ्या घंटेच्या थाटात. राजे दगडावरून घसरून, मान ताणून समोर हजर! मग तास तास संवाद.

"ऊन लागलं का राजे? भूक कशी आहे?"

त्याच कंपनीत पूर्वी राण्यांचे झगे शिवणारी काकू शिलाई मशीनवरून हे ऐकत आतल्या आत जळायची. तिने काही विचारलं की काकांचं उत्तर एकच, "हूं." शेजारणीला ती म्हणायची, "माझी सवत टाकीत राहते. भाडंसुद्धा देत नाही मेली!"

एक दिवस काका म्हणाले, "राजे एकटे पडलेत. त्यांना सोबत आणू. तूही चल, रंगातलं तुला कळतं."

इतक्या वर्षांनी "चल" म्हणाले, तेही सवतीसाठी! तरी काकूने ठेवणीतले कपडे काढले.

दुकानात तिची नजर एका डुलत्या, झालरदार शेपटीच्या गोल्डफिशवर खिळली.

"तो नको, मावशी," दुकानदार म्हणाला. "असा रेंगाळणारा मासा म्हणजे कासवाचा नाश्ता. हे पट्टेवाले न्या. चपळ आहेत. एखादा जाईलही, पण सहजी सापडायचे नाहीत."

काकूच्या मनात आलं, झालरवालाच न्यावा. राजांनी भरदिवसा खून करावा, म्हणजे यांना कळेल कोणाला डोक्यावर बसवलंय ते! तिने बोटही दाखवलं. पण तसली झालर शिवताना डोळ्यांचं काय होतं, ते तिलाच ठाऊक. बोट खाली आलं.

"पट्टेवालेच द्या. चांगला घोळका द्या."

काकांना मऊ, नाजूक पानांची हिरवळ हवी होती. "कासव चिंध्या करील," असं म्हणून दुकानदाराने जाड, चिवट पानांचं झाड दिलं. ते वाळूत पुरायचं नाही, लाकडाला बांधायचं. काकूने घरी दुहेरी दोऱ्याने ते असं बांधलं, की राजांनी ओढून पाहिलं तरी हलेना.

आणि नाटकच फिरलं. राजे दिवसभर माशांच्या मागे. हे वळले की ते झाडाआड. काकांनी टकटक केली. राजांनी पाठ फिरवली. पुन्हा केली. पुन्हा पाठच.

"बघतसुद्धा नाही गं माझ्याकडे! हातावर वाढवला याला, आणि आता ते पट्टेवाले जवळचे?"

मशीन थांबलं. "कसं वाटतं?" काकूने विचारलं.

"कसं म्हणजे?"

"मी किती वर्षं टकटक करतेय."

काकांनी खुर्ची उचलून मशीनपाशी मांडली. "काय शिवतेस?"

उसवलेल्या बाहीपासून तिने सुरुवात केली, ती थेट कंपनीतल्या राणीच्या झग्यापर्यंत गेली. काका ऐकत होते. तेवढ्यात टाकीत पाणी डुचमळलं आणि काकांची मान तिकडे वळली.

काकूने कात्री उचलली आणि मशीनच्या फळीवर तीनदा टकटक केली.

मान मुकाट्याने परत आली.