पाव इंच म्हणजे सहा

"मशीन ठेवायला आईचीच खोली सापडली का तुम्हाला?" नणंद म्हणाली. "उद्या म्हणाल, स्वयंपाकघरात करवत लावते."

"स्वयंपाकघरात जागा नाही," ट्रेसरबाई म्हणाल्या.

"म्हणजे असती तर लावली असती! ऐकलंस ना दादा?"

दादाने ऐकलं होतं. त्याने पेपरचं पान उलटलं, मग परत होतं तिथे आणलं.

"अगं, मी काय म्हणतो," तो बायकोकडे न बघता म्हणाला, "छोटं मशीन नसतं का? कपाटात ठेवता येईल असं?"

"असतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? त्याने माझं काम होणार नाही."

"काम!" नणंद म्हणाली. "चार महिने नाही झाले आईला जाऊन. डोळ्यांतून एक टिपूस नाही, आणि म्हणे काम."

लेक आपल्या खोलीतून ओरडली, "आत्या, आईला वायफायचा राउटर नकोय, एवढं तरी आता कळलंय ना तुला?" नणंदेने तिकडे दुर्लक्ष केलं. लाकडात खाचा पाडायच्या मशीनलाही राउटर म्हणतात, हे माहीत नसल्याने दोन दिवस ती खरंच तसं समजून भांडत होती आणि वायफायला अख्खी खोली कशाला लागते, हे तिला काही केल्या कळत नव्हतं.

ट्रेसरबाई हे त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्या ट्रेसर होत्या. गावाखालून जाणाऱ्या नळांचे जुने नकाशे पारदर्शक कागदावर जसेच्या तसे गिरवायचे, इंचातली मापं मिलिमीटरमध्ये लिहायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी बावीस वर्षं केलं. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांना तक्रार-खिडकीवर बसवलं, आणि नेमक्या त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नोकरी सोडायला कारण शोधावं लागलं नाही. शेजारीपाजारी मात्र ट्रेसरबाईच म्हणत राहिले.

नऊ वर्षं सासूबाई मागच्या खोलीत होत्या. खोलीत हॉस्पिटलकडून भाड्याने आणलेला लोखंडी पलंग, पायथ्याशी दांडा. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर यायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आठ, दहा, बारा, दोन, चार. लाकडाचा नाद लागला तो त्या पलंगाशेजारी बसूनच. दुकानातला जेवणाचा ट्रे गुडघ्यावर डगमगायचा, कप घसरायचा. ट्रेसरबाईंनी दार दुरुस्त करायला आलेल्या सुताराकडून एक पटाशी मागून घेतली आणि कडा असलेला ट्रे स्वतः कोरला. तीन आठवडे लागले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बरा झालाय. पण चहा गार झाला." मग एक उतरती फळी झाली, मग चष्म्याची पेटी. ओरखडे पडायचे, पण माप चुकायचं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा ट्रेसरबाईंनी डॉक्टरांना फोन केला, चादरी भिजत घातल्या, आलेल्यांना चहा केला. त्यांना रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. एका अंगावर झोपून हात बधिर व्हावा, तो दिसतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं चाललं होतं. फक्त दहा वाजले, बारा वाजले, की त्या हातातलं टाकून मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. पलंग रिकामा. शेजारच्या खुर्चीत नवरा पेपर वाचत बसलेला. तो विचारायचा, "काय गं?" त्या म्हणायच्या, "काही नाही." आणि परत यायच्या. दोन तासांनी पुन्हा.

त्यांना ती खोली हवी होती. राउटर ठेवायला हवी होती, हेही खरंच होतं.

बाजारात हत्यारांचं दुकान होतं. दुकानदार जाडा, चष्मा कपाळावर. त्याने आधी विचारलं, "साहेब नाही आले?"

"साहेबांना खिळा ठोकता येत नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "करायचंय काय, ते सांगा. मशीन नंतर."

ट्रेसरबाईंनी पिशवीतून कागद काढला. पेटी, खण, खणाच्या बाजूंना खाचा, झाकणाला गोल कड. सगळं मापासह काढलेलं. दुकानदाराने कागद उजेडात धरला. "असं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे इंजिनिअर येत नाहीत हो."

मग त्याने दोन मशिनं काउंटरवर ठेवली. एक छोटं, मुठीत मावेल एवढं. उभी मोटर, खाली फिरणारं पातं. फळीवरून सरकवत न्यायचं की पातं खाच पाडत जातं. दुसरं दोन मुठींचं, जड. ते टेबलाखाली उलटं बसवायचं, पातं टेबलातून वर येतं, आणि मशीन हलवण्याऐवजी लाकूड हलवायचं.

"छोट्यात पाव इंच दांडीची बिटं, म्हणजे ही पाती, बसतात," तो म्हणाला. "मोठ्यात अर्धा इंच. दांडी जाड, की थरथर कमी, खाच सरळ. तुमचं काम मोठ्याचं आहे. पण त्याला टेबल लागणार. टेबलाला खोली लागणार."

"खोलीचंच अडलंय."

"सगळ्यांचं तिथेच अडतं. आणि तीस बिटांचा डबा घेऊ नका. पंचवीस नुसती गंजत पडतात. सरळ एक, गोल कडेचं एक, बेअरिंगवालं एक. लागेल तसं पुढचं बघू."

शेवटी त्यांनी छोटं घेतलं. घरी रोज तेच भांडण ऐकायचा कंटाळा आला होता. कंटाळासुद्धा फारसा नाही, पण बोलायला तोंड उघडावं लागायचं. मशीन कपाटात राहील, काम गॅलरीतल्या घडीच्या टेबलावर होईल, असं ठरलं. नवऱ्याला हायसं वाटलं. बिटं स्वस्त पडतात म्हणून त्याने लेकीकडून ऑनलाइन मागवून घेतली. "दांडी किती?" लेकीने विचारलं. तिथे सहा मिलिमीटर होती, आठ होती. ट्रेसरबाई म्हणाल्या, "सहा घे."

पाव इंच म्हणजे सहा. ऑफिसात जुने इंचातले नकाशे मिलिमीटरमध्ये उतरवताना बावीस वर्षं त्यांनी हेच लिहिलं होतं. उरलेला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा फरक कागदावर रेघेच्या जाडीत जिरायचा. कुठला नळ त्यामुळे कधी फुटला नाही.

रविवारी गॅलरीत मांडामांड झाली. टेबल हलकं होतं, फळीला शिकंजा लावला की सगळं टेबलच कलंडायचं. नवरा म्हणाला, "मी धरतो." समोर उभा राहून त्याने टेबलाबाहेर आलेली फळी दोन्ही हातांनी धरली, बोटं कडेखाली वळलेली. नणंद दारात, कानांत बोटं घालून; लेक प्लगपाशी. ट्रेसरबाईंनी बिट बसवलं, पान्याने आवळलं, ओढून पाहिलं. घट्ट होतं. खाचेची खोली चार मिलिमीटर ठेवली, बटण दाबलं.

सुरुवात सरळ झाली. भुसा उडाला. मग आवाज जड व्हायला लागला, मशीन अडखळू लागलं. खाच पुढे जाताना खोल होत चालली होती. ट्रेसरबाईंना ते दिसत होतं. पातं इंचाइंचाने नवऱ्याकडे जात होतं आणि मशीनच्या पकडीतून निसटून खाली उतरत होतं, हेही कळत होतं. त्यांनी ते बघितलं, जसं एखादं दुसऱ्याचं काम बघावं. फळीच्या खालच्या बाजूने पात्याचं टोक बाहेर आलं, नवऱ्याच्या करंगळीपासून बोटभर अंतरावर. लेकीने प्लग उपटला.

"दादा, हात बघू! हात बघू आधी!" नणंद ओरडत आली.

हात ठीक होता. नवरा खाली बसला आणि हसायला लागला. घाबरल्यावर तो असाच हसायचा. "जरा आणखी आवळलं असतंस तर," तो म्हणाला.

"आई," लेक म्हणाली, "तू थांबली का नाहीस?"

ट्रेसरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याचं बोट जाता जाता राहिलं होतं आणि आपल्याला काही झालंच नव्हतं.

"बघत होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मशीन आणि बिट घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने बिटाची दांडी मापली, मग मापपट्टी त्यांच्यापुढे धरली. "सहा. आणि पाव इंच म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस. हा पस्तीस कुठे गेला बाई?"

"आमच्याकडे रेघेत जायचा."

"इथे रेघ नाही. घट्ट लागतं हाताला, म्हणून माणूस फसतो. मोटर सुरू झाली की सुटतं." त्याने बिट बाजूला ठेवलं. "फळी कोण धरत होतं?"

"मिस्टर."

"हाताने?"

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "योग्य बिट देतो. पण फळी कोणीतरी हाताने धरणार असेल, तर नाही देत. दुसऱ्या दुकानात जा."

ट्रेसरबाई दुकानाच्या पायरीवर आल्या. मग ज्या हॉस्पिटलने पलंग भाड्याने दिला होता, आणि नंतर कधी परत मागितला नव्हता, त्यांना फोन केला. तिथल्या माणसाने फक्त पत्ता विचारला आणि जिना आहे का, ते विचारलं.

घरी तिघंही जेवणाच्या टेबलाशी होती. चहा ओतलेला होता. ट्रेसरबाईंनी पिशवी दाराशी ठेवली, चपला काढल्या.

"काय म्हणाला तो?" नवऱ्याने विचारलं.

"छोटं परत दिलं. मोठं घेणार आहे, अर्धा इंचवालं. टेबल मागच्या खोलीत लागेल."

"वहिनी!" नणंद म्हणाली.

"परवा सकाळी दहाला हॉस्पिटलची माणसं पलंग न्यायला येणार आहेत," ट्रेसरबाई म्हणाल्या. "तेव्हा जिन्यात कोणी सायकल लावू नका."