पेन्सिलीचं वर्तुळ

फरीदाबादहून नोएडाला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसमध्ये तो रोज खिडकीशी बसायचा. मांडीवर कॉम्प्युटर प्रोग्रामच्या छापील कागदांची चळत, कानामागे पेन्सिल. बाहेर सरसोंची शेतं आणि अर्धवट उभे टॉवर धुक्यातून तरंगत जायचे. चूक सापडली की तो तिच्याभोवती हलकेच वर्तुळ काढायचा आणि स्वतःशीच हसायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एवढंच ठाऊक होतं, की ते सॉफ्टवेअर जगभरातल्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेलं आहे आणि हा घरी जाऊन दुरुस्त्या पाठवतो.

मग एका बड्या कंपनीनं त्या मंडळींशी भागीदारी केली आणि याला त्याच कामासाठी नोकरीवर घेतलं. गळ्यात ओळखपत्र आलं. मी अभिनंदन केलं.

"शुक्रिया," तो म्हणाला. "पहले गलती दिखती थी, तो ठीक कर देता था. अब पूछना पड़ता है, ये गलती हमारे काम की है या नहीं."

तो पुन्हा कागदांत हरवला. थोड्या वेळानं एक वर्तुळ उमटलं. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून खोडरबर काढून त्यानं वर्तुळ तेवढं पुसलं.