तुळशीरामशेठच्या घरातली मेंबर

“धुतले नाहीत म्हणजे? मुद्दाम नाही धुतले?”

चंदरने तोंडातला घास ताटाच्या कडेला काढला, जिभेवरून बोट फिरवलं आणि एक पिवळं, टोकदार तूस उजेडात धरलं. “ताई, हे बोंबलाचं कालवण आहे की गुरांचं आंबोण?”

“ओरडायचं तर माझ्यावर ओरड, शकूकडे डोळे वटारू नकोस,” सत्यवती भात वाढता वाढता म्हणाली. “तुझी बायको धुवायलाच निघाली होती. मीच पातेलं काढून घेतलं तिच्या हातातून.”

“पण का?”

“केसर कोळणीने दिले तसे शिजवले. कोळीवाड्यातल्या वलांड्यांवर सगळेच बोंबील असे तुसाने माखलेत. तूस कुणाचं, ते तुला माहीत आहे.”

तूस त्यांच्याच गिरणीचं होतं. तुळशीरामशेठची भाताची गिरणी चौलच्या पलीकडच्या त्या गावात किनाऱ्याला लागून होती. भात भरडून निघालेलं तूस हातगाडीत भरून मागच्या वाळूत ओतलं जाई. आणि तिथेच, हातभर अंतरावर, कोळणी बांबूंच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून ओले बोंबील वाळत घालत. वारा सुटला की ढिगाऱ्यातलं तूस उडे आणि बोंबलांवर बसे. असल्या मालाला व्यापारी हात लावत नव्हते. ढीग तिथून हलवावा, असा ठराव उद्या सोमवारच्या पंचायतीच्या सभेत यायचा होता आणि तो मांडणारी मेंबर, म्हणजे शेठची थोरली लेक, आत्ता शेठच्या ताटात वाढत होती.

शेठ स्वतः शांतपणे जेवत होते. काटे काढावेत तशी तुसं बाजूला काढत म्हणाले, “तूस अख्खं सुटलंय. गिरणी चांगली चाललीय.”

मास्तर, म्हणजे सत्यवतीचे यजमान, एकदम ठसकले आणि पाण्याच्या तांब्याआड लपले.

गिरणी आली सत्तेचाळीस साली. इंजिन मुंबईहून गलबतातून रेवदंड्याला उतरलं आणि बैलगाडीवरून गावात आलं. पहिल्यांदा ते धडधडलं तेव्हा जमलेली माणसं मागे सरली. परकरातली सत्यवती मात्र पुढे सरकून पट्टा कसा फिरतो ते बघत राहिली. मराठी चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली आणि गिरणी सुरू झाली. भात घेऊन आलेल्या बायकांना नंबर येईपर्यंत बसावं लागे. ही त्यांच्यात जाऊन बसायची. कुणाची विहीर आटली, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं तिला ठाऊक. शेठ कौतुकाने म्हणत, “भात भरडतो मी, गाव भरडते माझी पोर.”

पुढे लग्न झालं. हरेश्वर मास्तर पेणकडचे, सरळ आणि अबोल. त्यांची बदली चौलला झाली तेव्हा शेठनी लेकीला जावयासकट घरी आणलं. पाहुण्यासारखं राहायचं मास्तरांनी पहिल्या दिवशी ठरवलं आणि अजूनही ते लाजत लाजत दुसऱ्यांदा भात मागत.

साठ सालाच्या सुमारास पंचायतीत बायकांसाठी जागा राखायचा कायदा आला तेव्हा गावातले पुरुष चिंतेत पडले. सभेत मुकाट बसेल अशी बाई शोधायची कुठे? शेठनी लेकीचं नाव सुचवलं. घरातलं मत घरात राहील, हा त्यांचा हिशेब. शेठच्या मुलीसमोर उभं राहणार कोण?

अर्ज भरायच्या दिवशी साहेबांनी पूर्ण नाव विचारलं. नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं कसं? सत्यवतीने पदर सावरला.

“भाताच्या गिरणीत पट्टा फिरतो भरभर,
हरेश्वररावांचं नाव घेते, साहेब, लिहा लवकर.”

“बाई, कविता नको. नाव सांगा.”

“तेच सांगितलं. पुन्हा सांगू?”

कचेरीतल्या शिपायाने हसू दाबायला तोंड फिरवलं. साहेबांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

पहिल्या सभेत चहा झाल्यावर सरपंच म्हणाले, “ताई, सही झाली, आता तुम्ही निघालात तरी चालेल. स्वयंपाक राहिला असेल.”

“आमटी चुलीवर ठेवून आलेय, शकू बघतेय,” ती म्हणाली आणि बसून राहिली. ती फार बोलायची नाही. कुणी म्हटलं, बघू, करू, की एवढंच विचारायची, “मग कधी?” त्या दोन शब्दांनी सरपंच हैराण झाले. कोळीवाड्यातल्या विहिरीला कठडा मिळाला, तो त्यातूनच.

असं सगळं छान चाललं होतं. शेठ पाहुण्यांना सांगत, आमच्या घरात मेंबर आहे. मग परवा केसर मागच्या दारी आली. टोपलीतले बोंबील पायरीवर ओतून म्हणाली, “बाय, हे इकत न्हाय कुनी. तुझ्या बापसाचं तूस हाय, तूच खा.” आणि रिकामी टोपली घेऊन निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

“गाडी लावून वीटभट्टीवर पाठवा तूस,” सत्यवती आता भावाला म्हणाली. “भट्टीवाले जाळायला घेतात.”

“गाडीभाडं कोण देणार? पंचायत?”

“बोंबलांची नुकसानी कोण देतंय?”

“शेठच्या मुलीनेच शेठची गिरणी चव्हाट्यावर आणली म्हणून गाव हसेल, ताई!”

“हसू दे. कोळीवाडा गेले दोन हंगाम रडतोय.”

शेठनी हात धुतले, पंचाला पुसले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. “सत्या, ही मेंबरकी तुला मी मिळवून दिली. माझ्या शब्दाखातर कुणी समोर उभं राहिलं नाही. उद्या ठराव मागे घे. घ्यायचा नसेल तर राजीनामा दे. माझ्या जागेवर बसून माझ्याच गिरणीवर ठराव, हे चालायचं नाही.”

चंदरने विजयी चेहऱ्याने ताक ओतून घेतलं. शकू जाऊबाई नसलेल्या घरात नणंद किती कामाची असते हे आठवून तिच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी हळूच आपल्या ताटातलं शेवटचं तूस उचललं, घासाबरोबर तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. सत्यवतीने ते पाहिलं.

बाबांचं बोलणं खोटं नव्हतं, हेच तिला लागलं. जागा खरंच त्यांनी मिळवून दिली होती. तिने कुणाच्या दारात जाऊन मत मागितलं नव्हतं. राजीनामा दिला तर केसरकडे बघायला तोंड उरणार नव्हतं, आणि नाही दिला तर जन्मभर ऐकावं लागणार होतं, जागा शेठची.

तिने उरलेलं कालवण झाकलं, पळी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “उद्या ठराव मी मांडणार आहे, राजीनामा देणार नाही. पुढच्या निवडणुकीत बायकांच्या जागेवर तुम्ही हवं तिला बसवा, बाबा. मी कोळीवाड्यातून, पुरुषांसमोर, साध्या जागेवर उभी राहणार आहे.”