बेत्रीचा काळा कोट

गाशुशा आमच्या चादरींच्या खोलीत रफू करायची. महाराणीने हौसेने समुद्रावर महाल बांधला, पुढे त्याचंच आमचं हॉटेल झालं. महाराणी गेली, पण चादरींवरचा तिचा मुकुट राहिला. त्याचे धागे निघाले की गाशुशाच तो पुन्हा भरायची. "राणीची इभ्रत माझ्या सुईवर आहे गं, कातालिन," असं म्हणून मला डोळा मारायची. नवरा कधीच वारला होता. एकुलता एक मुलगा एरामुन लोकांच्या घरांची कौलं चाळायचा.

त्या दिवशी तो छपरावरून पडला. बायोनच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ निघणं कठीण आहे, आईला आणा. असा निरोप आमच्याकडे पहिल्या शेजाऱ्यानेच, म्हणजे सगळ्यात जवळच्या घरच्याने, न्यायचा. गाशुशाचा पहिला शेजारी बेत्री. माणूस देवभोळा, पण अक्कल बेताचीच. पोरगा काही वाचत नाही, मग कपडे बदलायला पुन्हा कोण येतंय, असं म्हणत त्याने मयताला जाताना घालायचा काळा कोट आधीच अंगात चढवला!

खाली नोकरांच्या दाराशी दरवान त्याला अडवत होता. असला कोट पाहुण्यांना दिसायला नको ना! गाशुशाने खिडकीतून तो कोट पाहिला आणि सुई चादरीत तशीच खोचून उठली.

"गेला माझा एरामुन."

"अगं बाई, विचार तरी!"

"कोट दिसत नाही तुला? माश्यांना सांगायला हवं."

घरात मयत झालं की घरधनिणीने आधी परसातल्या पेट्यांपाशी जाऊन मधमाश्यांना सांगायचं, नाहीतर त्याही जातात. ती मागच्या जिन्याने निघाली. मी दुसऱ्या जिन्याने नोकरांच्या दाराशी धावले.

"गाशुशाला बोलाव लवकर!" बेत्री ओरडला. "पोरगं आई आई करतंय!"

"म्हणजे जिवंत आहे?"

"आहे की! म्हणून तर आलोय."

"मग हा कोट कशाला घातलास रे मुडद्या!"

आम्ही धापा टाकत टेकडीवरच्या तिच्या घरी पोचलो. तोवर तिने सगळ्या पेट्यांवर टकटक करून सांगितलं होतं, खिडक्या लावल्या होत्या, मेणबत्तीही पेटवली होती. एरामुन आहे म्हटल्यावर ती हसली हो! मेणबत्ती फुंकून अनवाणीच रस्त्याला लागली.

दवाखान्याच्या दारात नर्स म्हणाली, "आत्ताच गेला. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता. आई निघाली का, एवढंच विचारायचा."

मला रडू आवरेना. गाशुशा मात्र त्याच्या केसांतली कौलांची माती बोटांनी काढत बसली.

परतताना बेत्रीने चाचरत विचारलं, "वहिनी, माश्यांना पुन्हा सांगू का मी?"

"नको रे बाबा," ती म्हणाली. "त्यांना सांगून झालंय. तो माझी वाट बघत होता ना, तेव्हाच सांगितलं."