आमच्या गल्लीचा व्हॉल्व शेवटी

नगराध्यक्ष झाले तेव्हा पहिल्याच सभेत मी जाहीर करून टाकलं, की पाणी सोडताना नगराध्यक्षाच्या गल्लीचा व्हॉल्व सगळ्यात शेवटी उघडायचा. टाळ्या पडल्या. विरोधी बाकावरच्यांनीही वाजवल्या. मी फुगून घरी आले, तर मोठी जाऊ ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाळ्या वाजवणाऱ्यायच्या घरी पाणी पयले येईन. आपल्या माठात काय टाळ्या भरू?"

आमचं गाव अकोल्याहून अकोटकडे जाताना लागतं, भर खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस बघत राहावा असा, पण विहीर खणा नाही तर बोअर मारा, पाणी खारंच. मी शाळेत शिकवायचे तेव्हा पोरांना सांगायचे, बेटाच्या चारी बाजूंनी खारं पाणी असतं, आपल्या बेटाच्या ते खाली आहे. गोडं पाणी येतं लांबच्या धरणातून, पाइपातून, तेही मनात आलं तर. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही जाळ घाला, दाणा तो दाणाच. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरात वरणाच्या पाण्याचा हंडा वेगळा असतो. आणि कुठलंही नवं पाणी घरात आलं की ड्रममध्ये ओतण्याआधी कोणीतरी ओंजळभर तोंडात घेऊन बघतं. बाहेरगावहून आलेल्या सुनांना सासूबाई स्वयंपाकाआधी हे शिकवतात.

पद बाईसाठी राखीव निघालं म्हणून मला तिकीट मिळालं. पक्षवाल्यांचा हिशेब असा, की सही बाईची आणि कारभार आमच्या ह्यांचा. पण आमचे हे पडले शेतकरी गडी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मले कापूस समजते. नगरपरिषद तुही तू पाह्य." मग काय, पाहिली! नाल्या, कचरागाड्या, बाजारातले गाळे, सगळीकडे स्वतः फिरले. लोक म्हणत, बाई तिखट आहे. होतेच. मात्र माझी दोन्ही पोरं जेवायची जावेच्या घरी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, कंबरेएवढी. त्या भिंतीवरून रोज वरणाची वाटी यायची, माझ्यासाठी झाकून ठेवलेली. माझी खुर्ची तिच्या चुलीवर उभी होती, हे मी तेव्हाही चारचौघांत बोलायचे, आजही बोलते.

तिच्या एकुलत्या लेकीचं अमरावतीला जमलं. लग्न उन्हाळ्यातलं, मांडव दारातच. आयुष्यात कधी काही न मागितलेली ती बाई एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"एक सांगू? लग्नाच्या दिवशी आपल्या गल्लीले पाणी पयले सोडायले लाव. एकच दिवस. तिकडचे लोक गोड्या पाण्याचे हायेत, नावं ठेवतीन."

मी म्हटलं, "जाऊबाई, एक दिवस सोडलं की नियम मेला. आपण आधीपासून साठवू, हंडे, ड्रम, सगळं भरू."

"तुह्या नियमाले लेक नाई वं," ती म्हणाली आणि गेली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आजही कोणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन. त्या उन्हाळ्यात गावाच्या पलीकडच्या टोकाला बाया पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. मी कोणत्या तोंडाने माझ्या दारात पहिलं पाणी सोडायला लावणार होते?

आम्ही साठवलं. जावेने, मी, पोरांनी, असेल नसेल तेवढं भांडं भरलं. पण लग्नघर ते, पाहुणे आदल्या दिवशीच येऊन आंघोळी करून मोकळे झाले. सकाळी आचारी ओरडतोय, पाणी कुठाय? आणि तेवढ्यात गल्लीत नगरपरिषदेचा टँकर शिरला. आमच्याच पक्षाचा एक नगरसेवक, माझ्या मर्जीत यायला टपलेला, त्याने मला न विचारता पाठवलेला. वरून ड्रायव्हरला शिकवून ठेवलेलं, अध्यक्षबाईंनी धाडला म्हणून सांग. मांडवात एकच आनंद! "पाहा, शेवटी घरचंच माणूस!" जावेच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी तेव्हा वरपक्षाच्या बायांना कुंकू लावत होते, मला पत्ताच नाही.

त्या दिवशी कोणीही ओंजळ तोंडाला लावली नाही. अध्यक्षबाईंचा टँकर, तो काय चाखायचा? धडाधड ओतला सगळा, थेट चुलीवरच्या डाळीच्या गंजात. टाकीवर पाणी नव्हतं म्हणून ड्रायव्हरने तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या बोअरवर भरून आणला होता, हे नंतर कळलं.

डाळ शिजेना. आचाऱ्याने खायचा सोडा घातला, घोटणीने घोटून घोटून बिचाऱ्याचे हात गळाले. मुहूर्त झाला, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी डाळ दगड. शेवटी तसंच वाढलं. अमरावतीच्या मंडळींनी पहिला घास घेतला आणि पानावर हात थांबले. नवरदेवाचा मामा मोठ्याने म्हणाला, "नगराध्यक्षाच्या घरची डाळ शिजत नाई, तं गावाची काय शिजत असन?" सगळी पंगत हसली. नवरी मान खाली घालून बसलेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढल्या सभेत विरोधकांनी टेबलं बडवली. अध्यक्षबाईंनी घरच्या लग्नाला सरकारी टँकर नेला! मी घसा फोडून सांगितलं, मी पाठवला नव्हता. कोण ऐकतो? तो नगरसेवक समोरच बसला होता, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून, मुका. नियमाचं नाव गेलं ते गेलंच. पुढच्या वेळी पक्षाने मला तिकीट दिलं नाही.

पण ते मी पचवलं. जावेचं मात्र पचलं नाही. पाठवणीनंतर मी तिच्याकडे गेले, हात धरला, म्हटलं, "तुमच्या पायाशपथ, तो टँकर मी नाही पाठवला."

तिने हात सोडवून घेतला. "मले ठाऊक हाये. तू पाठवला असता तं गोडं पाणी आलं असतं. तू पाठवलाच नाई, तेच तं दुखून राह्यलं."

त्यानंतर भिंतीवरून वाटी आली नाही. भांडण नाही, अबोला नाही, सणावाराला हळदीकुंकू होतं. फक्त वाटी बंद. भिंत तेवढीच आहे, कंबरेएवढी. मी संध्याकाळी त्या भिंतीकडे बघायचं टाळते. आता नवा नगराध्यक्ष आहे, आणि व्हॉल्व सोडणारा सांगतो की त्याच्या गल्लीत पाणी पहिलं जातं. कोणी काही म्हणत नाही. मला रात्रंदिवस राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

परवा पुतणी माहेरी आली. अमरावतीहून एसटीने, कडेवर पोर आणि हातात पाण्याची कॅन. मी अंगणातच होते. म्हटलं, "काय गं, एवढं ओझं?"

ती ओशाळली. "काकू, ते... सासूबाईनं देलं. म्हणे, तुह्या गावची डाळ आमाले माहीत हाये, बाळाच्या भातावर घट्ट वरण पायजे."

जाऊ दारात उभी होती. तिने कॅन घेतली, झाकण काढलं, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, मान डोलावली. मग मला म्हणाली, "जेवून जाजो."

इतक्या दिवसांनी बोलावलं. मी पाटावर बसले. तिने भात वाढला, वर वरण ओतलं. पिवळंधमक, लोण्यासारखं, दाणा शोधून सापडत नव्हता. मी पहिला घास घेतला. ती पळी हातात धरून समोरच उभी.

"कसं झालं?"

"छान झालंय, जाऊबाई."

"होईनच," ती म्हणाली. "अमरावतीचं पाणी हाये."