मामाजींचं पिवळं पाणी

मामाजींच्या घरी दुधाचा चहा प्यायलेला माणूस आज अख्ख्या देवळी गावात शोधून सापडणार नाही. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, आणि मोकळे झाल्यापासून फार कामात असलेले. त्यांच्याकडे गेलं की काचेच्या पेल्यात पिवळं पाणी पुढ्यात येतं. दूध नाही, साखर नाही, वर एखादं चुकार फूल तरंगत असतं. जावयाला चहा विचारला नाही ही गोष्ट आमच्याकडे वर्षानुवर्षं निघते, पण मामाजींना त्याची पर्वा नाही. "घ्या जवाईबापू, बाबुना आहे. गॅस, अपचन, चिडचिड, सारं शांत होते," म्हणत ते समोर बसतात आणि शेवटच्या घोटापर्यंत हलत नाहीत. बियांच्या पाकिटावर कॅमोमाइल लिहिलेलं असतं, पण मामाजी जडीबुटीवाल्याकडचं जुनं नावच चालवतात.

करण्याची रीतही कडक. फुलं उकळायची नाहीत. उकळतं पाणी त्यांच्यावर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. एकदा मी झाकण उचलून आत डोकावलो, तर मामाजी केवढ्यानं ओरडले, "अरे, काऊन उघडलं? वाफेसंग सारा गुण उडून गेला न!" गार पाणी मिसळून ते घमेल्यात गेलं आणि त्यात माझे पाय बुडवून मला बसवण्यात आलं. दुसरं पाणी तयार होईपर्यंत मी तसाच होतो. उरलेल्या पाण्याच्या घड्या थकलेल्या डोळ्यांवर ठेवायच्या, खवखवत्या घशाला गुळण्या करायच्या, न्हाऊन झाल्यावर केसांवरून तेच ओतायचं. त्यांच्या घरात साधं पाणी फक्त भांडी घासायला वापरतात असा माझा संशय आहे. शेजारी मुलगी पाहायला पाहुणे आले, तर मामाजी किटली घेऊन तिथेही हजर. पाणी प्यायल्यावर नवऱ्या मुलाचे काका बैठकीतच घोरायला लागले, पुढे कुणी कुरबुर केली नाही आणि लग्न जमलं. त्याचं श्रेय मामाजी आजही फुलांना देतात. गल्लीतल्या मास्तरांना मात्र ते पाणी पिऊन दुपारभर शिंका आल्या, कारण त्यांना शेवंतीचं वावडं होतं आणि ही फुलं शेवंतीच्याच कुळातली. तेव्हापासून पेला हातात देण्याआधी मामाजी प्रत्येकाला दरडावून विचारतात, "शेवंतीनं शिंका येते का तुमाले?"

हे वेड सुरू झालं ते मामींमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, चाला. पण मामींना पडण्याची धास्ती बसली आणि त्यांनी पलंग धरला. दिवसभर पडून राहिल्यावर रात्री झोप कुठून येणार? ज्यांच्या आवाजानं गल्ली जागी व्हायची, त्या मामी बोलेनाशा झाल्या. ही आता उठत नाही, या भीतीनं मामाजी अर्धे झाले. लेकीनं पुण्याहून या फुलांची डबी पाठवली, ते पाणी घेऊन मामींचा जरा डोळा लागला, आणि मामाजींना धीर आला. त्यांनी बी मागवलं, दिवाळीनंतर घरामागे वाफा केला. रोज पाणी घालून आत यायचे आणि पलंगाशी बसून सांगायचे, "फुलं येऊ दे, मंग तुले हात धरून दाखोतो." मामी भिंतीकडे तोंड करून घ्यायच्या.

संक्रांतीच्या सुमारास मी गेलो, तर पलंग रिकामा. मी आणि मामाजी धावत घरामागे गेलो. मामी बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. हातात खुरपी, बाजूला उपटलेल्या रोपांचा ढीग. खिडकीतून त्यांना बाबुन्याची बारीक चिरलेली पानं दिसली होती, आणि ते गाजर गवत वाटल्यावर शेतकऱ्याच्या लेकीला पडून राहवलं नव्हतं. फुलं अजून आलीच नव्हती, मग ओळख पटणार कशी?

"आंधळे झाले का तुम्ही?" मामी कडाडल्या. "घरामागं गाजर गवत माजलं, अन् तुम्ही त्याले पाणी घालून राह्यले?"

कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर मामाजींनी माझा हात घट्ट दाबला.

"चुकलंच माह्यं," ते म्हणाले. मग वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला उरलेल्या हिरव्या पट्ट्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "थ्या कोपऱ्यातही राह्यलं, पाह्य."

मामी भिंतीला हात लावून उठल्या. एक पाऊल, मग दुसरं, आणि पुटपुटत थेट त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. मामाजी हात पुढे करून मागे मागे चालत होते, पण त्यांनी मामींना धरलं नाही. आपली उरलीसुरली रोपं उपटली जाताना ते डोळे पुसत होते.

पुढच्या हिवाळ्यात वाफा पुन्हा फुलला. आता फुलं मामीच तोडतात. त्या दिवशी आपण काय उपटलं हे त्यांना कधीच कळून चुकलं असणार, पण दोघांपैकी कुणी तो विषय काढत नाही. ते पिवळं पाणी मला अजूनही आवडत नाही. पण मामी स्वतः चालत येऊन पेला हातात देतात, तेव्हा नको म्हणायला जीभ रेटत नाही.